जुनी एमएक्स-५ बघायला जातोय. दोन तासांत काय काय तपासू?

उघडं छप्पर

नमस्कार. सहा वर्षं नुसते फोटो बघण्यात गेली. आता पैसे जमलेत आणि गाडीही समोर आली आहे. माझदा एमएक्स-५, दोन सीटची उघड्या छपराची, पहिल्या पिढीतली, बॉनेटमधून वर येणाऱ्या दिव्यांची. १९९० चं मॉडेल, १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, लाल रंग, मीटरवर १,४२,००० किलोमीटर. विकणारे गृहस्थ तिसरे मालक, बोलायला सज्जन वाटले. दीड वर्षापूर्वी पूर्ण गाडी रंगवून घेतली, गंज नावालाही नाही म्हणतात. टायमिंग बेल्ट मागेच बदललाय, पण बिल सापडत नाही. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की इंजिनाच्या वरच्या बाजूने टिकटिक येते, मग दोनेक मिनिटांत थांबते. व्हिडिओत मी स्वतः ऐकली.

आणखी एक गाडी आहे, १९९५ ची, १.८ लिटरची. तिचा लाल रंग गुलाबी पडलाय, छपराची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी होऊन तडकली आहे. फोटो बघून तिच्यावर मन बसत नाही. शिवाय एक मित्र म्हणतो, एवढा विचार करतोयस तर थोडं थांब आणि लोटस एलिस घे, म्हणजे त्याहूनही हलकी ब्रिटिश स्पोर्ट्स कार.

आजवर मी साध्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्याच चालवल्या. ऑइल, ब्रेक पॅड, प्लग घरी बदलतो, त्यापुढचं काम केलेलं नाही. शनिवारी लाल गाडी बघायला जातोय. रॅम्पवर चढवून खालून बघू देणार आहेत. इंजिनासाठी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, उसनं आणलंय. आणखी काय नेऊ, आणि सुरुवात कुठून करू?

दहाचा पाना

कॉम्प्रेशन गेज न्या, पण पहिला तास त्याला हात लावू नका. आधी पत्रा बघा.

हे कळकळीने सांगतोय, कारण माझी पहिली एमएक्स-५ मी २००९ मध्ये बरोबर तुमच्यासारखीच घेतली होती. चकचकीत रंग, गोड आवाजाचं इंजिन. मी दोन तास बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. चौदा महिन्यांनी टायर बदलायला जॅक लावला, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात शिरला. बिस्किट मोडल्यासारखा आवाज आला. आत जाळी, जाळीवर पुट्टी, पुट्टीवर तो सुंदर रंग. इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

ही गाडी कुठे सडते आणि का सडते, ते नीट समजून घ्या. छप्पर नसलेल्या गाडीला वरून आधार नसतो. तिचा कणा म्हणजे मधला बोगदा आणि दोन्ही दारांखालचे पोकळ उंबरे, ज्यांना आपण सिल म्हणतो. आता कापडी छपरावर पडणारं पाणी कुठे जातं? सीटच्या मागे, दोन्ही कोपऱ्यांत, छपराच्या कडेखाली एक पन्हळ आहे. तिथून प्रत्येक बाजूला एक नळी खाली उतरते आणि पाणी मागच्या चाकाच्या थोडं पुढे जमिनीवर सोडते. या नळीत पानं, माती, कापडाचे तंतू अडकले की पाणी तुंबतं, उतू जातं आणि सिलमध्ये शिरतं. तिथून ते बाहेर पडत नाही. पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगाला पहिला फुगवटा दिसतो तेव्हा आतला थर बहुतेक गेलेला असतो. म्हणून 'दीड वर्षापूर्वी पूर्ण रंग' हे वाक्य वाचून मला आनंद झाला नाही.

तर गेजच्या आधी या वस्तू पिशवीत टाका: पाण्याची एक लिटरची बाटली, पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, चांगला टॉर्च, आणि प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर.

छप्पर अर्धं उघडा, सीटमागची कड उचला, नळीचं तोंड शोधा. अर्धी बाटली हळूहळू एका बाजूला ओता आणि कुणाला तरी खाली वाकून बघायला सांगा. पाणी लगेच, सरळ धारेने, मागच्या चाकाच्या पुढे पडलं पाहिजे. मग दुसरी बाजू. थेंबथेंब आलं किंवा आलंच नाही, तर ती बाजू संशयित समजा.

त्यानंतर चुंबक. मागच्या चाकाच्या पुढची सिलची शेवटची वीतभर जागा आणि तिथून वर चाकाच्या कमानीची सुरुवात, हाच भाग सगळ्यात आधी जातो. चुंबक दारापाशी लावा आणि मागे सरकवत न्या. मध्येच ओढ सुटली तर तिथे पुट्टी आहे. बॉनेटला चुंबक चिकटणार नाही, घाबरू नका, ते मुळातच ॲल्युमिनियमचं आहे. बंपर प्लास्टिकचे.

रॅम्पवर गेल्यावर सिलच्या खालच्या कडेला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणतो. कुजलेला किंवा पुट्टी भरलेला भाग बद्द वाजतो. पूर्ण तळाला एकसारखा जुना काळा लेप असेल तर ठीक. पण सिलच्या शेवटी तेवढाच हातभर ताजा लेप दिसला, तर विचारा की इथेच का मारला.

आणि एक, जे बरेच जण करत नाहीत. गाडी एका बाजूने जॅकवर थोडी उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. दार पूर्वीसारखंच लागलं पाहिजे. अडकलं, किंवा दाराच्या मागची फट वर आणि खाली वेगळी झाली, तर सांगाड्यात जीव राहिलेला नाही. माझ्या गाडीचं सिल कापून नवं जोडताना कारागिराने दाराच्या चौकटीला आडवा आधार दिला नव्हता. काम संपलं तेव्हा डावं दार कायमचं घासू लागलं. तीन महिने गेले आणि दार पुन्हा कधी नीट लागलंच नाही.

रंग उडालेल्या दुसऱ्या गाडीला मनातून काढू नका. उडालेल्या रंगाखाली काही लपवता येत नाही.

चौथा सिलिंडर

पत्र्याबद्दल पूर्ण सहमत. पण १९९० चं १.६ म्हटल्यावर एक गोष्ट इंजिनात बघायलाच हवी.

सुरुवातीच्या काही गाड्यांत, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंत, क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं. पुढचा बोल्ट नीट आवळला नाही किंवा ढिला पडला, तर पुलीखालच्या टायमिंग गिअरची चावी, म्हणजे त्याला जागी धरणारी छोटी खिट्टी, आणि तिची खाच झिजते. गिअर किंचित फिरतो, टायमिंग हलतं, ताकद उतरते, आणि शेवटी शाफ्टच खराब होतो. ओळखायला सोपं आहे. पुढून क्रँक पुलीच्या मध्यभागी टॉर्च मारा आणि खाचा मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर नंतरचं लांब टोक. चार दिसल्या तर गाडी लगेच सोडा असं नाही. आखूड टोकाची कितीतरी इंजिनं तीस वर्षांहून जास्त चालली आहेत. पण इंजिन चालू ठेवून पुली डोलते का ते बघा. डोलत असेल तर पुढे बोलूच नका.

म्हणूनच बेल्टचं बिल महत्त्वाचं. बेल्ट बदलताना हा बोल्ट काढावा लागतो आणि बहुतेक बिघाडाची सुरुवात तिथेच, चुकीच्या आवळणीने होते. बेल्ट तुटला तर या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाहीत, तेवढं समाधान. तरी दर १ लाख किलोमीटरला बदलायचा असतो. बिल नाही म्हणजे बेल्ट बदललेला नाही असं धरूनच बोलणी करा.

टिकटिकीला भिऊ नका. हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे, तेलाने भरलेले छोटे ठोकळे. गाडी उभी राहिली की त्यांतलं तेल उतरतं, सुरू केल्यावर भरेपर्यंत वाजतात. दोन मिनिटांत थांबतेय म्हणजे ठीक. गरम झाल्यावरही वाजत राहिली तर जुनं किंवा चुकीचं तेल, नाहीतर झिजलेले टॅपेट. आणि तळाकडून ठोक्यासारखा जड आवाज आला तर ती गोष्टच वेगळी.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेल दिसलं तर विकणारा म्हणेल क्रँकशाफ्टच्या मागची तेल अडवणारी रबरी सील गेली, किंवा तुम्ही तसं समजाल. आधी इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या, मागच्या टोकाला असलेल्या कॅम सेन्सरखाली बोट फिरवा. तिथली छोटी रबरी रिंग कडक होते आणि तेल मागून ओघळत खाली येतं. काही मिनिटांचं काम, पण लोक त्यासाठी गिअरबॉक्स उतरवतात.

रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळी असायला हवी. तपकिरी-हिरवट झाली असेल तर ती लवकरच तडकणार.

हलकं बरं

एलिसचा विषय निघालाय म्हणून. मी सात वर्षं पहिल्या पिढीची एलिस चालवतोय आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तरी हीच घेईन. पण पहिली हलकी गाडी म्हणून, ऑइल-ब्रेक पॅडपर्यंतच काम केलेल्या माणसाला मी तिच्याकडे पाठवणार नाही.

१९९६ ची गाडी, वजन साधारण ७२५ किलो. सांगाडा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदाने चिकटवून बनवलाय आणि त्याचं वजन फक्त ६८ किलो. एमएक्स-५ चं सिल कापून जोडता येतं. इथे सांगाडा वाकला तर वेल्डिंगने सरळ करायची सोय नाही. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी एकेक मोठं फायबरचं कवच आहे, त्याच्या रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या तर कुठेतरी धडकली आहे. मागच्या चाकाचा टो-लिंक, म्हणजे चाकाची दिशा धरून ठेवणारा दांडा, झिजला असेल आणि तुटला तर गाडी वळणात हातात राहत नाही. तिच्यातल्या रोव्हरच्या के-सीरिज इंजिनाची हेड गॅस्केट जाते, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पाण्याचं तापमान कसं वागतंय त्याच्यावर डोळा ठेवूनच ही गाडी चालवायची असते.

दोन वर्षं एमएक्स-५ चालवा, स्वतःच्या हाताने खोला, जोडा. मग एलिस बघायला जाल तेव्हा काय बघताय ते कळेल.

उघडं छप्पर

खूप आभार. एलिस मनातून काढली, निदान आत्तापुरती. पिशवीत बाटली आणि चुंबक गेलंय. पाना, एकच विचारतो: चालवताना काय जाणवलं पाहिजे? मी अशी गाडी कधीच चालवलेली नाही, त्यामुळे चांगली कोणती आणि थकलेली कोणती हे मला कसं ओळखू येणार?

दहाचा पाना

चांगला प्रश्न. ही गाडी साधारण ९५० किलोची आहे, अश्वशक्ती ११५-१२० च्या आसपास. तिच्यात वेगाने दिपून जाण्यासारखं काही नाही. तिचं सगळं सुख ती किती पटकन ऐकते यात आहे. स्टेअरिंग बोटभर फिरवलं की नाक लगेच वळलं पाहिजे, आणि वळल्यावर पुढची-मागची चाकं एकत्र वळतायत असं वाटलं पाहिजे. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक धरणाऱ्या वर-खाली दोन भुजा, दिलंय ते त्यासाठीच. रस्त्यावरचा खड्डा कळेल, पण खड्डा ओलांडल्यावर गाडी पुन्हा शांत झाली पाहिजे. डुलत राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर संपलेत. उलट प्रत्येक खडीवर दात वाजले तर कुणीतरी कडक स्प्रिंग आणि मोठी चाकं घातली आहेत. मूळ चाक १४ इंची आहे. १७ इंची जड चाकांवर ती दिसते रुबाबदार, पण जे घ्यायला आपण निघालोय तेच निघून जातं. मालकाकडे मूळ चाकं आहेत का, विचारा.

इंजिन पूर्ण थंड असताना पोहोचा. आधी फोन करून सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. थंड गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर जरा अडतो, या गाडीचा तो स्वभावच आहे. गरम झाल्यावरही करकरत असेल तर सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवणारी कडी, झिजलाय. क्लच दाबून बघा. जमिनीजवळ येऊन सुटत असेल किंवा पेडल मऊ लागत असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचचा खालचा सिलिंडर गळतोय का बघा. वारंवार जाणारी वस्तू आहे, पण स्वस्तात आणि घरी बदलता येते. गिअरच्या दांड्याभोवती पाय भाजण्याइतकी गरम हवा येत असेल तर आतलं रबर फाटलंय.

मोकळ्या रस्त्यावर ताशी १०० च्या आसपास स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी चाकांचं बॅलन्सिंग आणि टायरचं वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा ३२ वा आठवडा. खाच खोल असली तरी इतका जुना टायर म्हणजे लाकूड. त्याच्यावर गाडीची परीक्षा करू नका. उतरल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. एक जास्त तापलं असेल तर हँडब्रेकचा कॅलिपर अडकतोय.

डिकी उघडा. बॅटरी तिथेच असते. मूळ बॅटरी बंदिस्त आणि वाफ नळीने बाहेर सोडणारी होती. साधी आम्लाची बॅटरी ठेवली असेल तर तिच्याखालचा पत्रा बघा.

शेवटी, रॅम्पवर असताना गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची लांब चौकट दिसेल. तिच्यावर जॅकचे ठसे असतील, ती चेपली असेल, तर आजवर या गाडीवर काम करणाऱ्यांना गाडी कळलेली नव्हती. मला ती खूण कुठल्याही बिलापेक्षा जास्त सांगते.

उघडं छप्पर

शनिवारचं सांगतो.

पोहोचलो तेव्हा इंजिन थंड होतं. पुलीला आठ खाचा मोजल्या, तीनदा. अर्थात १९९० च्या गाडीत कुणीतरी इंजिन किंवा शाफ्ट बदललाय. टिकटिक दीड मिनिटात थांबली. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं. चालवली. आजवर चालवलेली कुठलीच गाडी अशी नव्हती. पहिल्याच वळणावर मला ती घ्यायची होती, खोटं कशाला सांगू.

मग बाटली काढली. डाव्या बाजूला पाणी ओतलं, लगेच धार पडली. उजव्या बाजूला ओतलं. काहीच नाही. आणखी ओतलं. सीटमागच्या गालिच्यात ओल दिसू लागली, खाली एक थेंब नाही. मालक म्हणाले, नळी जरा तुंबली असेल. चुंबक सरकवत नेलं तर उजव्या चाकाच्या पुढे वीतभर जागेत ते धरेचना, हात काढला की पडायचं. रॅम्पवर बरोबर तेवढ्याच जागी नवा काळा लेप. मुठीने ठोकलं तर डावीकडे खण आणि उजवीकडे बद्द. गाडी उचलून दार बघायची गरजच वाटली नाही.

मालक मला खोटारडे वाटले नाहीत. त्यांनीही ती तशीच घेतली असावी आणि रंगवणाऱ्याने काय केलं ते त्यांना दाखवलंच नसावं. मी त्यांना चुंबक लावून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प उभे होते.

परत येताना खूप वाईट वाटलं. रविवारी गुलाबी गाडी बघायला जातोय.

चौथा सिलिंडर

आठ खाचा असलेलं आणि कॉम्प्रेशन सारखं दाखवणारं इंजिन आहे, हे मालकांना नक्की सांगा. सांगाडा गेला तरी त्या इंजिनाला दुसरं घर मिळेल. १९९५ च्या गाडीत पुलीचा प्रश्न नाही, बाकी सगळं तसंच बघा. तिच्या ऑइल प्रेशरच्या काट्यावर विसंबू नका. तुम्ही शनिवारी बघितलेल्या गाडीत तो खरा दाब दाखवतो. १९९५ पासून तो नुसता दाब आहे की नाही एवढंच सांगतो.

उघडं छप्पर

घेतली.

पाणी दोन्हीकडून पडलं. उजवीकडे धार जरा बारीक होती, पण पडली. चुंबक पुढून मागेपर्यंत कुठेही सुटलं नाही. एका बाजूने जॅकवर उचलून दार दहा वेळा उघडलं, लावलं, काही फरक नाही. खाली चौकटीवर एकही ठसा नाही. छप्पर नवं लागणार, टायर नऊ वर्षांचे आहेत, रेडिएटरची टाकी तपकिरी आहे, उजवी काच फार सावकाश वर जाते. मालकिणीने तेल बदलल्याच्या तारखा एका वहीत पेन्सिलने लिहून ठेवल्या होत्या, ती वहीसुद्धा दिली.

काल उजवी नळी साफ केली. प्लास्टिकची लवचीक तार हळूच आत घातली आणि खालून मूठभर काळा चिखल निघाला, त्यात एक सबंध पान. आता दोन्ही धारा सारख्या आहेत. पुढचं काम काय धरू?

दहाचा पाना

अभिनंदन. मनापासून आनंद झाला.

टायर आधी. रेडिएटर त्याच आठवड्यात, तो तडकेपर्यंत वाट बघू नका. टायर बसवल्यावर अलाइनमेंटला नेण्याआधी एक करा. खालच्या विशबोनच्या आतल्या टोकांना प्रत्येक चाकामागे दोन असे बोल्ट आहेत, ज्यांच्या डोक्याखाली आकडे कोरलेली गोल चकती असते. ते फिरवूनच चाकाचा कोन बदलतो. इतक्या वर्षांनी ते आतल्या नळीला गंजून चिकटलेले असतात आणि अलाइनमेंटवाला जोर लावून तोडतो. आठही ठिकाणी आताची जागा खडूने खूण करा, मग एकेक फिरतोय का ते स्वतः सावकाश बघा. जो हलत नाही त्याला गंज सोडवणारं तेल घाला आणि थांबा. जोर लावू नका.

उघडं छप्पर

खुणा केल्या. सात फिरले. उजव्या मागच्या चाकाचा पुढचा एक जागचा हलत नाही. रोज संध्याकाळी तेल सोडतोय, आज चौथा दिवस.